‘त्यात काय एवढं!’ असं म्हणता ना? मग आपले गुण तिथूनच शोधायला लागा

२०१४ च्या जूनमध्ये करमाळ्याच्या एसटीतून स्वारगेटला उतरलो तेव्हा मी २३ वर्षांचा होतो. पाठीवर सॅक, हातात आईने दिलेली शेंगाचटणीची बरणी आणि डोक्यात एकच गोष्ट: स्पर्धा परीक्षा देऊन सरकारी पोस्ट काढायची. पुढची सात वर्षं सदाशिव पेठेत आणि नव्या पेठेत गेली. पूर्व परीक्षा चार वेळा निघाली, मुख्य एकदाही निघाली नाही. २०२१ च्या दिवाळीत घरी गेलो आणि ठरवलं की आता थांबायचं.

थांबल्यानंतरचा पहिला महिना फार वाईट गेला. एका ओळखीच्यांनी नोकरीसाठी अर्ज भरून मागितला होता. नाव, पत्ता, शिक्षण पटापट लिहून झालं. मग एक रकाना आला, ‘आपले विशेष गुण’. त्या रकान्यापाशी मी अर्धा तास पेन धरून बसलो. शेवटी ‘प्रामाणिक व कष्टाळू’ लिहिलं आणि लगेच खोडलं. कष्टाळू असतो तर सात वर्षांत काहीतरी हाती लागलं असतं ना, असं वाटलं. अर्ज घडी करून उशीखाली ठेवला तो ठेवलाच.

आज मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये मेडिक्लेमच्या डेस्कवर काम करतो. तीन वर्षं झाली, बरं चाललंय. रविवारी संध्याकाळी पत्र्या मारुतीजवळ चहाला जातो तेव्हा अभ्यासिकेतली धाकटी मुलं-मुली भेटतात. कुणाचं वय संपत आलेलं असतं, कुणाच्या घरून पैसे यायचे बंद झालेले असतात. बोलणं फिरून फिरून तिथेच येतं, “दादा, पुस्तकं बाजूला ठेवली तर मला येतं काय?” त्यांना जे तोंडी सांगतो ते इथे नीट लिहून काढतोय. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा नोकरी शोधणाऱ्या माझ्या मावसबहिणीलाही हेच सांगितलं होतं आणि तिला उपयोग झाला. त्यामुळे परीक्षेशी तुमचा संबंध नसला तरी वाचा.

आधी एक पथ्य: स्वतःच्या डोक्याला विचारू नका

मन खचलेलं असताना ‘माझ्यात चांगलं काय आहे’ असं स्वतःलाच विचारणं म्हणजे भांडण झालेल्या भावकीकडे आपल्या वागणुकीचा दाखला मागणं. उत्तर आधीच ठरलेलं असतं. परीक्षेत निगेटिव्ह मार्किंग असतं खरं, पण तिथे निदान एका बरोबर उत्तराचे गुण एका चुकीच्या कपातीपेक्षा जास्त असतात. मन याच्या उलट करतं. एक चूक चार बरोबर उत्तरं खाऊन टाकते. रॉय बाउमाइस्टर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांबरोबर २००१ मध्ये बऱ्याच संशोधनांचा एकत्र आढावा घेतला होता. वाईट अनुभवाचा ठसा चांगल्या अनुभवापेक्षा जास्त खोल उमटतो, हेच त्यांनी त्यात मांडलं. म्हणजे हे तुमच्या एकट्याचं नाही आणि तुमच्यात काही बिघडलेलंही नाही.

म्हणून ‘मी कसा आहे’ यावर विचार करत बसायचं नाही. विचार करून मला काहीही सापडलं नव्हतं. जे सापडलं ते वहीत, फोनमध्ये आणि तीन माणसांकडे सापडलं.

वही

१०० पानी साधी वही घ्या. पहिल्या पानावर लिहा, ‘त्यात काय एवढं’. आता तीन आठवडे एवढंच करायचं: आपण जेव्हा जेव्हा ‘त्यात काय एवढं’, ‘कुणीही केलं असतं’, ‘बसल्या बसल्या करून टाकलं’ असं म्हणतो किंवा मनात आणतो, तेव्हा आपण नेमकं काय केलं होतं ते रात्री झोपण्याआधी लिहायचं. दोन ओळी पुरे. कोणासाठी, कुठे, किती वेळात आणि शेवटी काय झालं.

यामागचं कारण साधं आहे. जे काम जड जातं त्याची आपण किंमत करतो, जे सहज होतं ते फुकटात धरतो. माझी आई ज्वारीची भाकरी थापते. पिठाचा अंदाज, पाण्याचा हात, तव्यावर टाकताना न फाटणारी कड. तिला विचारलं तर ती म्हणेल, त्यात काय एवढं. मी रूमवर महिनाभर प्रयत्न केला होता, प्रत्येक भाकरीची कड चिरायची. आईला ते कधी शिकल्यासारखं वाटलंच नाही, म्हणून ते तिच्या हिशोबातच नाही. तुमच्या-माझ्या बाबतीत हेच होतं आणि त्यात आत्मविश्वास गेलेला असेल तर विचारूच नका. चांगल्यातलं चांगलं काम केलं तरी आपण हात झटकून मोकळे होतो.

माझंच सांगतो. २०१७ मध्ये आमच्या अभ्यासिकेच्या मालकांनी मला विचारलं, चावी तुझ्याकडे ठेवतोस का, तुझी फी माफ. दोन मजले, ८४ टेबलं. सकाळी सहाला उघडायचं, रात्री अकराला बंद करायचं. खरा त्रास उघडण्या-बंद करण्याचा नव्हता, भांडणांचा होता. पंख्याखालची जागा, खिडकीची जागा, चार्जिंगचा पॉइंट, टेबलावर बॅग ठेवून चार तास गायब होणारे लोक. मी एक आलेखाचा कागद घेतला, दोन्ही मजल्यांचा नकाशा काढला, टेबलांना आकडे दिले, कुठल्या टेबलाला वारा लागतो आणि कुठल्याला नाही ते लिहिलं. मग प्रत्येकाशी दोन-दोन मिनिटं बोललो: तुम्हाला वारा हवा, उजेड हवा की शांतता? तिन्ही मिळणार नाही, एक सांगा. बहुतेकांनी एकच सांगितलं. त्याप्रमाणे जागा लावल्या आणि नियम केला की दोन तासांच्या वर टेबल रिकामं राहिलं तर दुसऱ्याने बसावं. महिन्याभरात भांडणं जवळजवळ थांबली.

तीन वर्षं मी हे केलं आणि तीन वर्षं ते घरापासून लपवलं. मला वाटायचं, अभ्यासाच्या वेळेतून ही चोरी चाललीय. चावी सांभाळायची, त्यात काय एवढं. पुढे वही लिहायला घेतली तेव्हा जुन्या आठवणींसाठी मागची पानं ठेवली होती. त्यात पहिली नोंद या ८४ टेबलांची झाली. लिहून झाल्यावर मी ती परक्या माणसाने केल्यासारखी वाचली आणि पहिल्यांदा वाटलं, हा माणूस मला कामावर ठेवायला आवडेल.

तुम्हीही तसंच करा. रोजच्या नोंदी पुढून लिहा, जुन्या आठवतील तशा मागून. शाळेतल्या चालतील, गावच्या जत्रेतल्या चालतील, लग्नघरातल्या तर नक्की लिहा. पंगतीत कोण काय करतं त्यावरून माणूस फार कळतो. कोणी वाढतं, कोणी हिशोब धरतं, कोणी रुसलेल्या आत्याला समजावून आणतं, कोणी पत्रावळी संपायच्या आधी आणवून ठेवतं. तुम्हाला न सांगता तुम्ही यातलं काय करायला जाता?

फोन

हे एका संध्याकाळचं काम आहे. व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या तीन महिन्यांत लोकांनी तुम्हाला काय काय विचारलं, काय मागितलं ते शोधा. सर्चमध्ये ‘जरा’, ‘सांग ना’, ‘मदत’, ‘दादा’ किंवा ‘ताई’ असे शब्द टाकून बघा, झटकन सापडतं. प्रत्येक मागणीची वहीत एक रेघ मारायची आणि एकसारख्या मागण्या एकत्र करायच्या.

माझ्या ४१ रेघा झाल्या होत्या. त्यातल्या २३ कागदांच्या होत्या. ‘नॉन-क्रिमिलेअरला उत्पन्नाचा कुठला दाखला लागतो’, ‘जाहिरातीत ही अट दिलीय तिचा अर्थ काय’, ‘शपथपत्रात नाव असं लिहू का तसं’. नऊ मागण्या भांडण मिटवायच्या होत्या, म्हणजे ‘तू त्याच्याशी बोल ना जरा’. गणिताची शंका एकानेही विचारली नव्हती. आणि सात वर्षं मी स्वतःला गणितावरून जोखत आलो होतो.

उसने पैसे मागणारे मेसेज मोजू नका. त्यातून तुमचा स्वभाव कळतो, गुण कळत नाही.

तीन माणसं

आता धीर लागतो. तीन माणसांना विचारायचं. आई-वडिलांपासून सुरुवात करू नका. ते एकतर जास्त कौतुक करतात किंवा काळजीपोटी बोलतात, दोन्हीतून आपल्याला हवं ते मिळत नाही. ज्यांनी तुम्हाला रोजच्या कामात बघितलंय अशी माणसं घ्या. एक बरोबरीचं, एक तुमच्याहून लहान आणि एक असं की ज्याला तुमच्या यशापयशाशी काही देणंघेणं नाही.

प्रश्न नीट विचारायला हवा. “माझ्यात चांगलं काय आहे?” असं विचारलंत तर समोरचा अवघडतो. आपल्याकडे तोंडावर स्तुती करायची सवय नाही. तो म्हणेल, “चांगलाच आहेस की तू!” आणि विषय संपेल. त्याऐवजी असं विचारा: “कुठल्या कामाला तुम्हाला माझी आठवण येईल? मागे असं कधी झालं होतं का?” कामाबद्दल विचारलं की माणसं मोकळेपणाने बोलतात.

मी रूम पार्टनरला विचारलं. तो उदगीरचा, कमी बोलणारा. थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “तू कागद वाचतोस. आम्ही नुसते बघतो.”

मेसच्या काकूंना विचारलं. त्या पोळ्या लाटत होत्या, लाटणं न थांबवता म्हणाल्या, “महिना संपला की कुणाचे पैसे राहिलेत ते तू त्या पोराला असं सांगतोस की त्याला लाज वाटत नाही आणि माझे पैसेही येतात.”

लातूरच्या एका धाकट्या मुलाला विचारलं, तर तो म्हणाला, “तुमच्याशी बोललं की छातीतली धडधड कमी होते.”

तिघांनाही मी आधी ‘छे, तसं काही नाही’ असं म्हणालो होतो. ती माझी चूक होती. तुम्ही तसं करू नका. उत्तर आलं की एकच शब्द बोलायचा, ‘बरं’. आणि त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यायचं, सुधारायचं नाही, आपली भाषा घालायची नाही. पटलं नाही तरी लिहायचं. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोघांनी १९५५ मध्ये चार खणांच्या खिडकीचं एक चित्र मांडलं होतं. दोघांच्या नावांची पहिली अक्षरं जोडून त्याला जोहारी खिडकी म्हणतात. त्यातला एक खण असा आहे की तिथलं लोकांना दिसतं आणि आपल्याला दिसत नाही. त्या खणात फक्त आपले दोषच असतात असं आपण धरून चालतो. काकूंनी सांगितलेली गोष्टही त्याच खणातली होती.

विशेषण खोडा, क्रियापद लिहा

तीन आठवड्यांनी वही भरत येते. आता ती घेऊन निवांत बसा. मी नदीपात्राच्या कडेला बसलो होतो, तुम्ही पर्वतीवर जा, कुठेही जा, फक्त फोन घरी ठेवा.

आपल्याकडे गुणांना शब्दच कमी वापरतात. शाळेत मुलगा ‘हुशार’ असतो किंवा ‘कष्टाळू’, आणि दोन्ही नसला तर ‘होतकरू’. बस. निकाल लागला नाही की हुशारही जातं आणि कष्टाळूही जातं, हातात काही उरत नाही. समाजसुधारकांच्या प्रकरणात आम्ही पार्वतीबाई आठवल्यांची माहिती पाठ केली होती. विधवा झाल्यावर शिकल्या, महर्षी कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून निधी जमवला, १९१८ मध्ये अमेरिकेला गेल्या. तेव्हा मी ते एका मार्काचा प्रश्न म्हणून वाचलं. आता वाटतं, परक्या माणसाच्या दारात उभं राहून दुसऱ्यासाठी मागता येणं याला कुठल्या गुणपत्रिकेत रकाना असतो? पण त्या आश्रमाला तीच गोष्ट हवी होती.

तर वहीतल्या प्रत्येक नोंदीसमोर क्रियापद लिहा. ‘मी शांत आहे’ हे कुणालाच, तुम्हालासुद्धा, पटणार नाही. ‘भांडणाऱ्या दोघांना वेगवेगळं बसवून आधी ऐकून घेतो, मग एकच पर्याय पुढे ठेवतो’ हे पटतं, कारण तसं घडलेलं आहे. शब्द सुचत नसतील तर घरातलेच घ्या: पाठपुरावा करणं, ऐकून घेणं, धीर देणं, नेटकं ठेवणं, अंदाज बांधणं, तडजोड घडवणं, किंमत पाडून घेणं, चूक हेरणं, नव्या माणसाला सामावून घेणं, उरलंसुरलं वाया न घालवणं. आणखी हवे असतील तर ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन यांनी २००४ मध्ये २४ गुणांची यादी केली आहे. त्यात चिकाटी, कुतूहल, न्यायबुद्धी आहेच, शिवाय कृतज्ञता आणि विनोदबुद्धीसुद्धा आहे. यादी वाचून ‘हा माझा’ म्हणून उचलू नका. आधी वहीतली नोंद, मग तिला बसणारा शब्द.

एकच क्रियापद तीनदा वेगवेगळ्या ठिकाणी आलं की त्याखाली रेघ मारा. माझ्या वहीत तीन निघाली: कागद शेवटपर्यंत वाचतो, घाबरलेल्या माणसाशी बोलू शकतो, पसारा लावतो.

एक सावधगिरी. एखादी गोष्ट आपल्याला चांगली जमते पण करून झाल्यावर अंगातलं त्राण जातं, असंही असतं. मेसचा जमाखर्च मी वर्षभर चोख ठेवला होता, पण हिशोबाच्या दोन दिवसांत मला कुणाशी बोलावंसं वाटायचं नाही. असं काही असेल तर त्या नोंदीसमोर फुली मारा. ते येतं, गरज पडली तर करता येईल, पण त्यावर आयुष्य उभं करायला जाऊ नका.

मग ते वापरून बघा

वही कितीही भरली तरी आतून विश्वास बसत नाही. माझाही बसला नव्हता. आल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ मध्ये लिहिलं होतं की ‘मला हे जमेल’ ही भावना सगळ्यात जास्त येते ती स्वतः करून पाहिल्याने. दुसऱ्यांनी दिलेल्या शाबासकीचा परिणाम त्यापुढे कमी. म्हणून जे सापडलं ते दोन आठवड्यांत एका छोट्या, खऱ्या कामाला लावा. ‘खरं’ म्हणजे ज्यात दुसऱ्या कुणाची तरी गरज भागते असं.

माझ्या बाबतीत ते काम आपोआप आलं. २०२२ च्या फेब्रुवारीत एका मित्राच्या वडिलांना छातीत दुखतं म्हणून ॲडमिट केलं. मेडिक्लेम होता, पण कॅशलेसची मंजुरी येईना, विमा कंपनीकडून ‘क्वेरी’ आली होती. मित्र घाबरून गेला होता. त्याच्या आईने साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी आणली होती. त्यात वीस वर्षांचे कागद, काही चार घड्यांचे, काही आठ घड्यांचे, औषधाच्या पावत्या, एक्स-रेची पाकिटं, मध्येच एक लग्नपत्रिका.

मी बाकावर चार ढीग केले. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे रिपोर्ट, बिलं आणि विम्याचे कागद. प्रत्येक ढीग तारखेप्रमाणे लावला. मग क्वेरी वाचली, दोनदा. त्यांना एवढंच हवं होतं: पेशंटला रक्तदाब कधीपासून आहे, पॉलिसी घेण्याच्या आधीपासून की नंतर? मग पॉलिसी वाचली. ती २०१६ पासून खंड न पडता चालू होती. चिठ्ठ्यांच्या ढिगात २०१९ ची एक ओपीडीची चिठ्ठी होती, शाई फिकट झालेली, त्यावर रक्तदाबाची गोळी पहिल्यांदा लिहिलेली होती आणि डॉक्टरांनी ‘नव्याने आढळला’ असं स्पष्ट लिहिलं होतं. ती चिठ्ठी, पॉलिसीचं पहिलं पान आणि चार ओळींचं पत्र असं डेस्कवर दिलं. या सगळ्याला दीड तास लागला. मधल्या वेळात मित्राच्या आई तीनदा म्हणाल्या, “बाळा, आता पैसे भरावे लागतील का?” आणि तीनदा मी त्यांना सांगितलं की आता आपण कुठल्या पायरीवर आहोत आणि पुढची पायरी कुठली. संध्याकाळी मंजुरी आली.

डेस्कवरच्या बाईंनी विचारलं, तुम्ही कुठल्या हॉस्पिटलला असता? मी म्हणालो, कुठेच नाही. त्या म्हणाल्या, मग अर्ज द्या, आमच्याकडे जागा आहे.

असं प्रत्येकाला लगेच कुणी विचारेल असं मी म्हणत नाही. पण त्या रात्री शास्त्री रोडवरून चालत रूमवर येताना मला जे वाटत होतं ते कुठल्याही टेस्ट सिरीजच्या निकालाने वाटलं नव्हतं. रूम पार्टनरने सांगितलेली गोष्ट आता मी स्वतः बघितली होती.

तुमचं काम वेगळं असेल. शिकवता येत असेल तर एका मुलाला दोन आठवडे एकच धडा शिकवा. स्वयंपाक येत असेल तर दहा डबे करून बघा आणि पैसे घ्या, फुकट नको. माणसं जोडता येत असतील तर सोसायटीचा एक कार्यक्रम अंगावर घ्या. मावसबहिणीच्या वहीत ‘पाठपुरावा’ पाच वेळा आला होता. तिने सोसायटीची थकलेली मेंटेनन्सची वसुली मागून घेतली आणि दोन महिन्यांत बहुतेक पैसे जमवले. मग एका ऑफिसात मुलाखतीला गेली तेव्हा तिच्याकडे सांगायला हे होतं. जमलं नाही तर तेही वहीत लिहा, पण ‘मला येत नाही’ असं लिहू नका. कुठल्या पायरीला अडलं ते लिहा.

हे करूनही काही दिसत नसेल तर

तीन आठवडे वही उघडायचीसुद्धा ताकद होत नसेल, झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कशातच रस वाटत नसेल, तर हा गुण शोधायचा प्रश्न नाही, तब्येतीचा आहे. डॉक्टरकडे जा. जगणं नको असे विचार येत असतील तर आत्ता, आजच कुणाशी तरी बोला. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. आमच्या अभ्यासिकेतल्या एका मुलाला मी स्वतः शेजारी बसून तो नंबर लावून दिला होता. तो आज नोकरी करतो. त्या दिवशी त्याला वही दिली असती तर काही उपयोग झाला नसता.

लोकांना कसं सांगायचं

मुलाखतीत हमखास प्रश्न येतो, “इतकी वर्षं काय केलंत?” घर सांभाळणाऱ्या बाईला येतो, परीक्षा सोडणाऱ्याला येतो. खाली मान घालू नका आणि लांबलचक कारणं सांगू नका. तीन वाक्यं तयार ठेवा: काय करत होतो, त्यात कुठलं काम माझ्याकडे यायचं आणि त्याचा एक दाखला आकड्यासह. माझी अशी होती: “सात वर्षं स्पर्धा परीक्षेचा अभ्यास केला, पोस्ट निघाली नाही. त्या काळात मुलांचे अर्ज आणि दाखल्यांचे कागद तपासायचं काम माझ्याकडे यायचं. शिवाय ८४ टेबलांची अभ्यासिका तीन वर्षं सांभाळली.” आरशासमोर बोलू नका, माणसासमोर बोला. मी रूम पार्टनरसमोर सहा वेळा बोललो, चौथ्या वेळेला आवाज कापायचा थांबला.

घरी सांगणं मुलाखतीपेक्षा अवघड गेलं. नोकरी लागल्यावर गावी गेलो तेव्हा अण्णा, माझे वडील, ओसरीवर बसले होते. मामाही आला होता. मामाने विचारलं, “मग आता हॉस्पिटलात काय करणार?” मी तीच तीन वाक्यं सांगितली, चावीची गोष्टही पहिल्यांदाच सांगितली. मामा काही बोलला नाही. अण्णा बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग आत गेले आणि पत्र्याची पेटी घेऊन आले. आजोबा जाऊन अकरा वर्षं झाली होती, तरी सातबाऱ्यावर अजून त्यांचंच नाव होतं. वारसनोंद कुणी केलीच नव्हती, कारण कागद कुणाला लागत नव्हते.

पेटी माझ्यापुढे सरकवून अण्णा म्हणाले, “हे बघ जरा वाचून.”

मी ओसरीवर चार ढीग करायला घेतले.